“वितळलं की सगळं प्लास्टिक एकच” हे खरं नाही

सध्या एक मेसेज ग्रुपांवर फिरतोय: “प्लास्टिक शेवटी प्लास्टिकच. एकत्र वितळवा, एकजीव होतं. वेगळं करत बसू नका.” मी रिसायकल दाण्याच्या, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेल्या दाण्यांच्या धंद्यात आहे. हे वाचून लोक घरी वेगळं करणं सोडून देतील, याची काळजी वाटते म्हणून लिहितोय.

“वितळलं की एकजीव होतं.” बहुतेक जोड्यांत नाही होत. पाण्यात विरघळणाऱ्या साखरेशी तुलना करा. साखरेचे रेणू लहान, सुटे. पाण्यात हवे तसे विखुरतात आणि त्या विखुरण्यातूनच मिसळायला बळ मिळतं. प्लास्टिकच्या रेणूत हजारो कड्या एकाच साखळीत ओवलेल्या असतात. एकटी कडी कुठे जाऊ शकत नाही. मग विखुरण्याचं बळ नावापुरतंच उरतं, आणि दोन जातींत जराशी नावड असली तरी त्या फटकून राहतात. पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स या रसायनशास्त्रज्ञांनी १९४०च्या दशकाच्या सुरुवातीलाच याचं गणित मांडलं. पॉलिस्टायरीन आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही काचेसारखी पारदर्शक. एकत्र वितळवून पत्रा काढला तर तो दुधाळ निघतो.

“पीई आणि पीपी तर भावंडंच.” पीई म्हणजे पॉलिइथिलीन, पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. दोघांत फक्त कार्बन आणि हायड्रोजन, हे खरं. तरी पटत नाही. एकदा आमच्याकडे एचडीच्या (पीईचाच एक कडक प्रकार) मालात पीपीचे डबे मिसळून आले. नमुन्याची पट्टी गुळगुळीत निघाली. दोनदा वाकवली, घडीवर पांढरी रेघ उमटली, नख लावलं तर चिरोट्यासारखे पापुद्रे सुटले. शिवाय दोन्ही पाण्यावर तरंगतात, त्यामुळे धुण्याच्या टाकीतही वेगळी होत नाहीत. तळाच्या त्रिकोणातला आकडा बघून (एचडीला २, पीपीला ५) आधीच वेगळं केलेलं बरं.

“थोडं चुकून गेलं तर काय बिघडतं?” पेट बाटल्यांच्या (पाण्याच्या, कोल्ड्रिंकच्या) मालात पीव्हीसीचे (पाइपांच्या प्लास्टिकचे) चार तुकडे गेले तरी बिघडतं. पेट वितळायला २६० अंशांच्या आसपास उष्णता लागते. तेवढ्यात पीव्हीसी तुटायला लागतं आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ सोडतं. माल पिवळा पडतो, पेटच्या साखळ्या तुटतात, मशीनचा स्क्रू गंजतो.

“कंपन्या स्वतःच मिसळतात की!” मिसळतात, पण जोडी पारखून. जनरल इलेक्ट्रिकनं १९६०च्या दशकात आणलेल्या नॉरिल या मिश्र प्लास्टिकमधली पीपीओ (पॉलिफेनिलीन ऑक्साइड) आणि पॉलिस्टायरीन खरोखर एकजीव होतात. अशा जोड्या मोजक्याच. एबीएस या टणक प्लास्टिकमध्ये रबराचे कण वेगळेच राहतात आणि म्हणूनच ते धक्का सोसतं, पण त्या कणांवर कलम केलेल्या साखळ्या त्यांना भोवतालच्या प्लास्टिकशी बांधून ठेवतात. न पटणाऱ्या जोडीत कंपॅटिबिलायझर, म्हणजे दोघांना सांधणारा पदार्थ, घालावा लागतो. त्याच्या साखळीचा एक भाग एका प्लास्टिकशी जुळतो, दुसरा दुसऱ्याशी. तो जोडीप्रमाणे बदलतो आणि महाग पडतो.

“रस्त्यात तर सगळंच चालतं.” डांबरी रस्ता करताना प्लास्टिक एकजीव व्हावं लागत नाही; ते तापलेल्या खडीवर पातळ थर म्हणून बसतं, त्यावर डांबर येतं. आणि पीव्हीसी तिथेही चालत नाही.