जिग जागा दाखवतो, ताकद देत नाही

'जिग चांगला असेल, तर घरगुती ड्रिल मशीनवरही मिलिंग मशीनइतकेच अचूक अ‍ॅल्युमिनियमचे भाग करता येतात', हे जिगवरील लेखातील विधान भोके पाडण्यापुरते मान्य करता येईल. जिग म्हणजे भोक नेमके कुठे पाडायचे ते ठरवून देणारा साचा. खाचा आणि खोलगट कप्पे कोरण्याच्या बाबतीत मात्र ते दिशाभूल करणारे आहे. जिगमधील कडक पोलादी बुश (नळी) ड्रिलला जागेवर धरून ठेवतो, परंतु एंड मिल (मिलिंगचे कापणारे हत्यार) बाजूने कापू लागल्यावर जो आडवा दाब येतो तो पेलण्यासाठी ड्रिल मशीनचा स्पिंडल (फिरणारा दांडा) बनवलेलाच नसतो. या मशीनचा चक (हत्यार पकडणारा भाग) बहुधा केवळ टेपरच्या, म्हणजे निमुळत्या दांड्याच्या, घट्टपणावर बसलेला असल्यामुळे सततच्या थरथरीने तो सुटून चालू मशीनमधून खाली येऊ शकतो, आणि या धोक्याचा लेखात उल्लेखही नाही.

भोसरीतील टूलरूममधील (हत्यारे व साचे बनवणाऱ्या विभागातील) नोकरीनंतर मी घरी हौसेने दुर्बिणीचे सुटे भाग करतो. आरशाच्या बैठकीची तिन्ही भोके १२० अंशांवर आणण्यासाठी मीही जिगच वापरतो. तिथे तो वेळ वाचवतो आणि स्वस्तही पडतो. पण फोकसरची (प्रतिमा स्पष्ट करण्यासाठी पुढेमागे सरकणाऱ्या भागाची) सरकखाच मिलिंग मशीनवरच करावी लागते. अ‍ॅल्युमिनियम मऊ असले तरी चिकट असते, त्याचा कीस हत्याराच्या धारेला चिकटून बसतो आणि मग खाचेच्या भिंती ओरबाडल्यासारख्या दिसतात. दोन धारांची एंड मिल, थोडे रॉकेल आणि न हलणारी व्हाइस (भाग घट्ट धरणारी पकड), एवढे असले की पृष्ठभाग स्वच्छ येतो. शिवाय तो अचूक जिग मुळात कोणत्या मशीनवर तयार होतो, हेही लेखकाने सांगायला हवे होते.