प्रोबेशनरला पास कसं करावं

नवा भरती झालेला पोलीस तुमच्या हाताखाली दिलाय? अभिनंदन! परिवीक्षा काळात, म्हणजे नोकरीत कायम होण्याआधीच्या प्रोबेशनमध्ये, त्याची परीक्षा असते, असा एक भाबडा समज आहे. परीक्षा तुमची असते. काहीही न लिहिता अहवालाचे सगळे रकाने भरून दाखवायचे, हा पेपर.

समजा, काल रात्री त्याने एक गाडी अडवली. कुठे आहोत ते वायरलेसवर कळवलं नाही. टॉर्च उजव्या हातात, म्हणजे वेळ आली तर पिस्तूल काढायला हात मोकळा नाही. चालकाशी बोलता बोलता दाराला टेकला आणि मागच्या सीटवर कोण बसलंय याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आता हे सगळं तारीख-वेळ घालून लिहिलंत तर काय होईल? उद्या त्याला बसवून सांगावं लागेल, परवा पुन्हा गाडी अडवून घ्यावी लागेल, सुधारला का ते पाहावं लागेल. एवढ्या उठाठेवीपेक्षा 'वाहन तपासणी : समाधानकारक' लिहा, सही ठोका, मोकळे व्हा.

कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या पोलिसांनी मात्र या सुखात माती कालवली. 1970 साली त्यांच्या एका नवशिक्या शिपायाच्या हातून अपघात झाला, त्यात माणूस गेला. मग त्याची फाईल उघडली, तर प्रशिक्षण आणि मूल्यमापन दोन्हींतला ढिसाळपणा बाहेर आला. त्यातून 1972 मध्ये त्यांनी नवी पद्धत आणली. नवख्याच्या शेजारी गाडीत प्रशिक्षक अधिकारी, रोजच्या रोज निरीक्षण अहवाल आणि प्रत्येक कामाला 1 ते 7 गुण. ही पद्धत पुढे दूरवर पसरली. पण घाबरू नका. 1 ते 7 च्या बरोबर मध्ये 4 बसलेला असतो. टोकाचे गुण दिले की कारण लिहावं लागतं, 4 ला कुणी काही विचारत नाही.

वेळ आणखी वाचवायचा असेल तर पहिल्याच दिवशी त्याचा गणवेश पाहा. इस्त्री कडक, बूट चकचकीत, 'येस सर' खणखणीत? मग तपास, कायद्याचं ज्ञान, संयम, सगळ्यात तो हुशार. 1920 साली एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेले गुण तपासले. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, चारित्र्य, सगळे गुण एकमेकांचा हात धरून चाललेले, एकात वर तर सगळ्यात वर. त्याने याला चूक म्हटलं. त्याच्याकडे बहुधा महिनाअखेरीला भरायचे फॉर्म नसावेत.

आणि गडी अगदीच कामाचा नसेल तर? बडतर्फ करून वाईटपणा कशाला घ्यायचा? राजीनामा घ्या, शुभेच्छा द्या. ओहायोतल्या इंडिपेन्डन्स शहराच्या पोलिसांत 2012 मध्ये असा एक नवखा होता. पिस्तुलाच्या सरावात त्याची अवस्था पाहून वरिष्ठाने स्पष्ट लिहिलं होतं, याला ठेवू नये. त्याला राजीनामा देऊन जाऊ दिलं. 2014 मध्ये शेजारच्या क्लीव्हलंडने त्याला घेतलं, आधीच्या नोकरीची फाईल न पाहता. त्याच नोव्हेंबरात खेळण्यातलं पिस्तूल घेऊन बागेत असलेल्या 12 वर्षांच्या टामीर राइसवर त्याने गोळी झाडली. मुलगा वाचला नाही. म्हणजे बघा, एकाने इमानदारीत लिहूनही काही बिघडत नाही, पुढच्याने वाचलं नाही म्हणजे झालं.

कायम करण्याची तारीख जवळ आली की एखाद्याला अचानक कंठ फुटतो, 'साहेब, हा पोरगा धोकादायक आहे.' असं तुमच्या बाबतीत होऊ देऊ नका. इतके महिने सगळीकडे 4 दिलेत, आता त्याला काढायला निघालात तर त्याचा वकील तेच अहवाल तुमच्यासमोर एकेक करून ठेवील आणि खालची सही कुणाची, एवढंच विचारील. त्यापेक्षा कायम करून टाका. दोन-चार वर्षांत त्याच्याच हाताखाली नवा प्रोबेशनर द्या. फॉर्म कसा भरायचा, ते त्याला तुम्ही शिकवलेलंच आहे.