हासी दखाड बरं!

म्हशीची लाथ आम्ही गुरांचे डॉक्टर गृहीतच धरतो. पण म्हशीच्या मालकिणीने आपल्याला खुनी ठरवावं, याची तयारी कुठल्याही कॉलेजात करून घेत नाहीत.

परवा चोपडा तालुक्यातल्या एका गावात गुरांना घटसर्पाची लस टोचायला गेलो होतो. ती पावसाळ्याआधी द्यावी लागते, म्हणजे खानदेशच्या उन्हात पेटी खांद्याला लावून, बर्फ सांभाळत दारोदार फिरायचं. लोकांची नेहमीची हरकत मला पाठ आहे: लस दिली की दूध आटतं. त्यावरचं उत्तरही तयार होतं. पण गोठ्यापुढे खाटेवर बसलेल्या माईने दुधाचं नावच काढलं नाही. पेटीकडे बघून म्हणाली, "कोठला शे रे भाऊ तू?"

"धरणगावचा, माय."

"तो बी आसंच सांगे."

तो म्हणजे कोण, हे नातवाने समजावलं. माई सध्या मोबाईलवर 'देवमाणूस'चे जुने भाग बघते. झी मराठीवर 2020 मध्ये सुरू झालेली ही मालिका: गावात गोड बोलणारा खोटा डॉक्टर येतो, सगळे त्याला देवमाणूस म्हणतात आणि तो माणसं संपवत जातो.

"माय, मी ढोरांचा डॉक्टर!"

"तो बी बॅग लई ये. गोड बोले. आन मंग सुई!" तिने अंगठा दाबून सुई टोचून दाखवली. म्हैस रवंथ करत शांतपणे ऐकत होती.

ओळखपत्र दाखवलं. ते उलटं धरून तिने बराच वेळ न्याहाळलं. "फोटू खोटा बी ऱ्हास." मग तिला कल्पना सुचली. "हासी दखाड बरं." म्हणजे हसून दाखव. मालिकेतला डॉक्टर सुई टोचण्याआधी म्हणे विशिष्ट हसतो. आता, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला, लशीचा बर्फ वितळतोय, शेजारची चार पोरं जमलेली, अशा वेळी शासकीय सेवेतल्या माणसाने कुठलं हसू हसावं? मी हसलो नाही. त्यावर माईचा निकाल: "हाऊ ते हासस बी नही! हाऊ त्यानापेक्षा डेंजर शे!"

पोरं खिदळली. 2022 मध्ये राज्यात गुरांच्या लम्पी या त्वचारोगाची साथ शिरली ती आमच्याच जळगाव जिल्ह्यातून, रावेर तालुक्यातून. तेव्हा हीच माणसं "साहेब, आमनाकडे पहिले या" म्हणत माझ्या गाडीमागे धावत होती. असो.

माईला तरी काय बोलणार? त्या मालिकेमागे खरी घटना आहे. वाईजवळच्या धोमच्या एका डॉक्टरला पोलिसांनी 2016 मध्ये पकडलं. सहा खुनांचा आरोप, पहिला 2003 मधला. मेलेल्यांत पाच बायका. पडद्यावर मात्र ते सगळं रोज रात्री पार्श्वसंगीतासकट येत राहिलं, आणि खुनी इतका देखणा की बाया त्याच्यावर फिदा. "सत्यघटनेवर आधारित" हे दोन शब्द मोठे लिहायचे, आणि नेमकं सत्य किती, घटना किती, हे प्रेक्षकाने ज्याचं त्याने बघायचं. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांनी रिमोट कुठे लपवायचा?

आणि या मालिकेने शिकवलं काय, तर डॉक्टर गोड बोलला की सावध व्हा. पदवी बघा, नोंदणी विचारा, हे नाही. याच गावात एक 'डॉक्टरसाहेब' आहेत. पाटी आहे, पाटीवर पदवी नाही. ताप असो की कंबरदुखी, सलाईन लावतात. सरकारी आरोग्य केंद्र लांब, तिथला डॉक्टर भेटेल याची खात्री नाही. त्यामुळे रांग यांच्याकडेच. कोणी त्यांना हसून दाखवायला सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही, ते कायम हसतच असतात.

नेमके तेच बुलेटवरून आले. गर्दी बघून थांबले. प्रकरण ऐकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "टोचू दे माय. आपलाच माणूस शे."

माई लगेच उठली आणि म्हशीचं दावं धरलं.

लस टोचून मी सामान आवरत होतो, तेव्हा साहेब जवळ सरकले. आवाज खाली आणून म्हणाले, "सर, तुमच्याकडे सिरिंज उरतात का हो?"