दोन ब्लॉक, पाच विटा

एका खोलीच्या दोन करायच्या ठरलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर फक्त भिंत होती. ती जुन्या भिंतीला कुठेतरी टेकणार, आणि त्या टेकण्याचंही एक शास्त्र असतं, हे मिस्त्री आल्यावर समजलं. "नुसती टेकवली तर उद्या धक्क्यानं हलेल," असं म्हणून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो धक्का मीच देणार होतो.

पहिला बळी गिलाव्याचा. नवी भिंत गिलाव्यावर चिकटवली तर ती गिलाव्याला जोडली जाते, विटेला नाही. आणि आमचा गिलावा स्वतः विटेला किती धरून होता, ते हातोडीनं वाजवल्यावर कळलं. काढायचा होता वीतभर रुंदीचा उभा पट्टा. पण एकदा सुटायला लागल्यावर गिलाव्यानं आमची परवानगी विचारली नाही. धूळ मात्र बंद कपाटातल्या घडीच्या कपड्यांपर्यंत सन्मानानं पोचली.

आता दाते काढायचे. म्हणजे जुन्या भिंतीत ठरावीक थर खोदून खाचा करायच्या आणि त्यात नव्या भिंतीचे सिमेंटचे ब्लॉक अडकवायचे. इथे मला गणिताची हुक्की आली. वीट 75 मिमी जाड, वर 10 मिमी माल, म्हणजे सिमेंट-वाळूचा थर, मिळून 85 मिमी. ब्लॉक 200, मालासकट 210. पाच विटा 425, दोन ब्लॉक 420. फरक अवघा 5 मिमी! मी कागद नाचवत मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी कागद वाचला, घडी करून कानामागे खोचला आणि जुन्या भिंतीला टेप लावला. एक थर 80, त्याच्या वरचा 90, आणि मध्येच एका जागी विटेऐवजी नुसता माल आणि खडी कोंबलेली.

"त्यांचं गणित वेगळं होतं, साहेब."

दाते बारगळले. आली स्टीलची उभी पट्टी. ती जुन्या भिंतीला स्क्रूनं पक्की करायची, तिच्या खाचांत छोट्या पट्ट्या अडकवायच्या आणि काही थरांआड एकेक पट्टी नव्या भिंतीच्या मालात दाबायची. स्क्रू विटेत जायला हवा, सांध्यात नाही. जुना माल भुसभुशीत असतो. विटा डोळ्यांसमोर उघड्या असूनही ड्रिलला सांध्यांचीच ओढ. मग ओळंबा सोडला. भिंत वरच्या टोकाला चांगली बोटभर मागे झुकलेली! कपाट खाली टेकतं आणि वर का टेकत नाही, या आमच्या घरातल्या जुन्या खटल्याचा निकाल एका दोरीनं लावला. निकाल बायकोच्या बाजूनं लागला, हे सांगायला नकोच.

एवढ्यावर भागलं असतं. पण भाजलेली वीट भट्टीतून निघाल्यावर ओलावा शोषत वर्षानुवर्षं किंचित फुगते, आणि सिमेंटचा ब्लॉक वाळताना आकसतो. मालातलं पाणी शोषून घेऊ नये म्हणून बांधण्याआधी वीट भिजवतात; ब्लॉक मात्र वाळताना आणखी आकसू नये म्हणून त्याला अशी मनसोक्त आंघोळ घालत नाहीत. घरातली प्रत्येक वडीलधारी व्यक्ती येता-जाता "अहो, भिजवा की!" म्हणत होती, आणि मी पाण्याचा पाइप पाठीमागे लपवून उभा.

"तडा जाणार का?" मी विचारलं.

"जाणार." असा रोखठोक माणूस मी या कामात दुसरा पाहिला नाही. "सांध्यावर जाळी लावून गिलावा केला तर बारीक जाईल. कुठून जाईल, ते तो ठरवणार. नाहीतर आपणच सांध्यावर सरळ खाच ठेवू. जायचंय ना, मग तिथूनच जा."

मला हा तोडगा फार आवडला. खाच ठेवली, तीत लवचिक सीलंट भरलं. आता येणारा प्रत्येक पाहुणा त्या रेषेवर बोट ठेवून विचारतो, "हे काय?" मी म्हणतो, "डिझाइन." परवा एकानं मोबाइलवर तिचा फोटो काढून नेला. त्यालाही तशीच हवी आहे म्हणे, चारही भिंतींवर.