‘भेसळ’ म्हणणाऱ्या ग्राहकाला आमचे उत्तर: 180 मिलिग्रॅमच्या गोळीत लोह 59 मिलिग्रॅमच का

नमस्कार,

आपला एक ताऱ्याचा अभिप्राय आणि सोबतचे दोन्ही फोटो पाहिले. आपल्याला त्रास झाला याबद्दल दिलगीर आहोत. आपण फोन केलात तेव्हा कोणी उचलला नाही, तेही व्हायला नको होते.

आता मुद्द्याचे. आपण लिहिलेत, “लेबलवर 180 मिलिग्रॅम, खाली बारीक अक्षरात लोह 59. बाकीचे 121 कुठे गेले? दुसऱ्या कंपनीची गोळी 300 ची आहे. यांच्या गोळ्या पाण्यात टाकल्या तर तळाला विटेचा भुगा बसतो. सरळ भेसळ आहे.” चव, पॅकिंग, उशिरा आलेले पार्सल यांवर काहीही लिहा, ऐकून घेऊ. पण औषधाच्या धंद्यात ‘भेसळ’ हा शब्द म्हणजे थेट पोटावर पाय. दोन दुकानदारांनी आपला मजकूर आम्हाला पाठवून खुलासा मागितला आहे आणि एकाने पुढची ऑर्डर थांबवली आहे. म्हणून हे उत्तर लांबणार आहे.

त्या 121 मिलिग्रॅमचा हिशेब आधी. गोळीत फेरस फ्युमरेट आहे. हा लोहाचा क्षार आहे, म्हणजे लोह आणि फ्युमरिक आम्ल यांचे संयुग. वजनाचे 170 भाग घेतले तर त्यात लोह 56 भाग, म्हणजे साधारण 33 टक्के. 180 चे 33 टक्के करून पाहा, 59 येतात. उरलेले 121 मिलिग्रॅम म्हणजे फ्युमरेट. ते कुठेही गेलेले नाही, गोळीतच आहे, आणि असायलाच हवे. फ्युमरेट शरीराला परकेही नाही. अन्नातून ऊर्जा तयार होताना ते आपल्या पेशींत सतत बनत असते.

आणि ती दुसरी 300 ची गोळी. आपल्याच फोटोत त्या बाटलीवर ‘फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेट’ असे स्वच्छ वाचता येते. त्या क्षारात लोह 20 टक्के, म्हणजे 300 मध्ये 60 मिलिग्रॅम. तिच्या 300 मधले 136 मिलिग्रॅम तर स्फटिकात बांधलेले पाणीच आहे! त्या कंपनीबद्दल आम्हाला काही म्हणायचे नाही, सल्फेट जुने आणि चांगले औषध आहे. पण पाण्यासकट मोजलेल्या वजनाशी आमच्या गोळीची तुलना करून आम्हाला चोर ठरवणे कितपत बरोबर, हे आपणच सांगा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनातही 60 मिलिग्रॅम लोहासाठी हेच आकडे दिलेले आहेत: सल्फेट हेप्टाहायड्रेट 300, फ्युमरेट 180, ग्लुकोनेट 500 मिलिग्रॅम. आमची 180 ची गोळी तिथूनच आली. गिळायला लहान पडते, हा वरचा फायदा.

शिवाय नुसती टक्केवारी पाहू नका. अन्नात मिसळायला लोहाची जवळपास शुद्ध पूडही मिळते, तिला इलेक्ट्रोलिटिक आयर्न म्हणतात. टक्केवारीत तिच्यापुढे आम्ही कोणीच नाही. पण ती शरीरात कमी शोषली जाते, म्हणून मैद्यात घालताना सल्फेट-फ्युमरेटच्या दुप्पट लोह धरावे लागते. फ्युमरेटचे लोह मात्र निरोगी प्रौढांत सल्फेटइतकेच शोषले जाते.

आता तो पेला. आपणच लिहिले आहे की चार गोळ्या कुटून अर्धा पेला पाण्यात टाकल्या. म्हणजे 720 मिलिग्रॅम फ्युमरेट आणि अंदाजे 100 मिलिलिटर पाणी. साध्या पाण्यात एवढ्या जागेत ते फार तर 140 मिलिग्रॅम विरघळते. बाकीचे तळाला बसणारच, आणि त्याचा मूळ रंगच तांबूस तपकिरी असतो. त्यात गोळी बांधायला लागणारे सेल्युलोजही असते, तेही विरघळत नाही. आपण ज्याला विटेचा भुगा म्हणालात ते आमचे औषध आहे, आणि फोटोतला रंग पाहून खरे तर आम्हाला समाधानच वाटले. पोटात साधे पाणी नसते, आम्ल असते. सौम्य आम्लात फ्युमरेट विरघळते.

पाण्यात कमी विरघळणे हा त्याचा गुण मानला जातो. सल्फेट पटकन विरघळते, म्हणून जिभेला लोखंडाची चव लागते आणि साठवलेल्या पिठातल्या स्निग्धांशाला खवट वास येऊ शकतो. फ्युमरेट तिथे शांत बसते. म्हणूनच लहान मुलांच्या तयार धान्याहारात आणि घरी जेवणावर टाकायच्या पोषक पुड्यांत ते वापरतात. पुड्यांत तर त्यावर स्निग्ध पदार्थाचा पातळ लेप देतात, म्हणजे चव आणि रंग दोन्ही आवरतात. आम्ही हीच पूड अन्नपदार्थ बनवणाऱ्यांनाही देतो. कोंड्यासकट दळलेल्या पिठासाठी कोणी मागितली तर मात्र आम्हीच नको म्हणतो, कारण कोंड्यातले फायटेट लोह अडवून धरते आणि तिथे सोडियम आयर्न ईडीटीए हे लोहाचे दुसरे संयुगच योग्य. माल खपवायचाच असता तर गप्प बसलो असतो.

“आठ दिवसांत हिमोग्लोबिन हलले नाही” असेही आपण लिहिले आहे आणि त्याच वाक्यात गोळी रोज सकाळच्या चहाबरोबर घेत असल्याचे सांगितले आहे. काय बोलावे! चहातली पॉलिफिनॉल्स लोहाला धरून ठेवतात. जुन्या काळी लोहाचा क्षार आणि झाडाचे टॅनिन मिसळून काळी शाई करत, तोच प्रकार पोटात होतो. चहा-कॉफी गोळीपासून निदान एक-दोन तास लांब ठेवा, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी घ्या, आणि क जीवनसत्त्व असलेले फळ सोबत चालेल. हिमोग्लोबिनमध्ये दिसण्याजोगा फरक पडायला दोन ते चार आठवडे लागतात. तरीही वाढले नाही तर डॉक्टरांकडे जा, कारण दरवेळी दोष गोळीचा नसतो, कुठे रक्तस्राव होत असेल तर तो शोधावा लागतो. शौचाचा काळपट रंग न शोषलेल्या लोहामुळे येतो. डांबरासारखे चिकट दिसले तर मात्र ते वेगळे, लगेच दाखवा. बद्धकोष्ठता होते, हे खरे आहे आणि लोहाच्या बहुतेक गोळ्यांनी होते. डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घेता येते का पाहा. एक गोळी घेतल्यावर शरीर साधारण दिवसभर पुढचे लोह शोषणे कमी करते, असे अलीकडच्या अभ्यासांत दिसले आहे.

रागावर जाऊ नका, पण एक सांगणे भाग आहे. दुसऱ्या फोटोत गोळ्या उघड्या वाटीत आहेत आणि शेजारी लहान मुलाचे खेळणे दिसते. त्या आजच बाटलीत घालून झाकण लावा आणि बाटली उंचावर ठेवा. लोहाच्या गोळ्या मूठभर गिळल्या गेल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेतते. बाटलीवर हा इशारा ठळक आहे.

लेबलवर लोहाचा आकडा मोठ्या अक्षरात घ्यायचे ठरवले आहे, सध्याचा छापील साठा संपला की बदल होईल. फोनचेही काहीतरी करतो आहोत. बाटलीवरचा बॅच क्रमांक आम्हाला कळवलात तर त्या बॅचचा तपासणी अहवाल पाठवू, त्यात लोहाचे प्रमाण दिलेले असते. उरलेल्या गोळ्या नको असतील तर परत घेऊ, कुटलेल्या चार धरून. तारे आपण एकच ठेवलात तरी चालेल, पण अहवाल वाचून झाल्यावर तेवढा ‘भेसळ’ हा शब्द काढावा, ही विनंती.

— संचालक