पाल्याला कसला डॉक्टर? – एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या आठवड्यात मी ‘बाटली संपली तेव्हा’ हा लेख लिहिला. बोटीवर असताना दोन वर्षं मी क्रेटमच्या, म्हणजे थायलंड-मलेशियाकडच्या एका झाडाच्या नशा आणणाऱ्या पाल्याच्या, अर्काच्या बाटल्या घेत होतो आणि शेवटी डॉक्टरकडे जायचं कसं ठरवलं, ते त्यात होतं. त्यावर ‘दर्यावर्दी’ या नावाने एक मोठी प्रतिक्रिया आली आहे. रागात लिहायचं नव्हतं म्हणून तीन दिवस थांबलो. आज लिहितोय.

ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी त्यातलं थोडक्यात सांगतो. एक, “झाडाचा पाला तो, त्याला कसला डॉक्टर?” दोन, त्यांनी स्वतः घरच्या घरी कमी करत दोन महिन्यांपूर्वी सोडलं, कुणाकडे गेले नाहीत. तीन, बोटीवरचा माणूस मनोविकारतज्ज्ञाकडे गेला की त्याच्या नोकरीवर गदा येते, आणि हे मी लिहिलंच नाही. चार, कोकणात हे कोणी घेत नाही, मी उगाच पोरांना नाव शिकवतोय. आणि शेवटी माझ्यासाठी एक विशेषण: “सोवळं नेसून बसलेला जुना पापी”.

दर्यावर्दी, तुम्ही दाखवलेली एक चूक आधी कबूल करतो. थायलंडने क्रेटमवरची बंदी २०२२ मध्ये उठवली असं मी लिहिलं होतं. ते २०२१ चा ऑगस्ट हवं. २०२२ चं प्रकरण गांजाचं, माझी गल्लत झाली. लेखात दुरुस्ती केली आहे, तुमचे आभार.

आता त्या विशेषणाबद्दल. दर्यावर्दी, तुम्ही मला ओळखत नाही. मी देवगड तालुक्यातला, वडिलांच्या मागे चाळीसेक कलमं सांभाळणारा माणूस. चौदा वर्षं इंजिन रूममध्ये काढली. लेखात मी कुणाला पापी म्हटलं नाही, कुणाला उपदेश केला नाही. माझ्या आईला आज मोबाइलवर वाचता येतं आणि तिने तो लेख वाचला. तिने वाचावा म्हणूनच मी तो लिहिला, कारण दोन वर्षं मी तिच्याशी खोटं बोललो होतो. त्या लेखाखाली तुम्ही ‘पापी’ हा शब्द लिहिलात. मतभेद असू द्या, हजार असू द्या. पण माणूस स्वतःची लाज चव्हाट्यावर मांडतो तेव्हा तिच्यावर पाय देऊन पुढे जायचं नसतं, एवढी रीत बोटीवरही आम्ही पाळत होतो. तुम्हीही पाळत असाल.

आता पाला.

थायलंडच्या दक्षिणेत आणि मलेशियात कष्टकरी माणसं ही पानं पिढ्यान्‌पिढ्या चघळत आली. ऊन सोसावं, काम उरकावं म्हणून. हे खरं आहे आणि मीही ते लिहिलं होतं. पण तुम्ही आणि मी पान चघळलं का? खरं सांगा. आपण अंगठ्याएवढी बाटली फोडली. टेक्सासमधल्या पेट्रोल पंपाच्या दुकानात काउंटरवर, च्युइंगगमच्या शेजारी ठेवलेली.

तुम्ही आमच्याच बाजूचे दिसता, तर काजूवर बोलू. मे महिन्यात बोंडू खाऊन कोणी गडगडत घरी आल्याचं ऐकलंय? लहान पोरं बोंडू खातात, घसा खवखवतो, कपड्यांना डाग पडतात, संपलं. त्याच बोंडूचा रस आंबवून एकदा भट्टीवर चढवला की उर्राक आणि पुन्हा चढवला की फेणी. झाड तेच, फळ तेच. म्हणून फेणीची बाटली रोज रिकामी करणाऱ्याला आपण “बोंडू खातो बिचारा” असं म्हणतो का? ‘पाला’ हा शब्द तुम्ही ज्या जागी वापरलात तिथे तो बसत नाही, एवढंच माझं म्हणणं.

पानातलं मुख्य द्रव्य मिट्राजायनिन. मॉर्फीन मेंदूतल्या ज्या कुलपाला लागतं त्याच कुलपाला हेही लागतं, फक्त किल्ली अर्धवट फिरते. अर्कात हेच द्रव्य काढून, आटवून, एका घोटात भरलेलं असतं. पानात ७-हायड्रॉक्सीमिट्राजायनिन नावाचं दुसरं एक द्रव्य अगदी नखभर असतं. मी सोडल्यानंतरच्या काळात अमेरिकेत त्याच्याच गोळ्या विकायला आल्या, दुकानदार त्याला ‘सेव्हन-ओएच’ म्हणतात. प्राण्यांवरच्या अभ्यासांत ते मॉर्फीनपेक्षा जोरकस ठरलं आहे. जुलै २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषधांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ते नियंत्रित पदार्थांच्या यादीत घालण्याची शिफारस केली आणि तेव्हाच सांगितलं की आमचा रोख नैसर्गिक पानावर नाही. म्हणजे पान वेगळं आणि अर्क वेगळा, हे माझ्या एकट्याच्या डोक्यातून आलेलं नाही.

आणि पान तरी अगदी निरुपद्रवी आहे का? मलेशियातल्या संशोधकांनी २०१४ साली नियमित घेणाऱ्यांची पाहणी छापली. ते लोक तिथे घरगुती उकळलेला काढा पितात. सहा महिन्यांहून जास्त काळ घेणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांना त्याची जबर सवय लागलेली आढळली. हा साधा काढा. आपली बाटली त्याच्या कितीतरी पुढची.

‘पाला’ या एका शब्दावर मी एवढा का थांबलो, ते आता सांगतो. माझी दोन वर्षं त्या शब्दाने खाल्ली.

२०२१ मध्ये प्युरिफायर रूमच्या शिडीवरून घसरलो, कंबर धरली. वॉच, म्हणजे इंजिन रूममधली पाळी, तर करायची होती. एका सोबत्याने अर्धी बाटली दिली. वीस मिनिटांत कंबर मोकळी आणि अंगात असा हुरूप, की दोन वॉच सलग करीन. नेहमीच्या लघवीच्या तपासणीत हे दिसत नाही, म्हणून आम्ही धरून चाललो की ही नशा नव्हे. झाडाचंच तर आहे. अर्धीची एक झाली, एकीच्या दोन. मी इंजिनियर, मला नोंदी ठेवायची खोड. डायरीच्या मागच्या पानावर मी स्वतःला नियम घालून दिले होते: फक्त कंबर दुखली तर. मग, फक्त वॉच संपल्यावर. मग, रविवारी नाही. मग, दुपारी बारानंतर नाही. एकेका नियमावर काट मारून त्याखाली नवा नियम. ते पान आजही माझ्याकडे आहे. सात नियम आहेत, सातांवर काट आहे.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये साइन ऑफ होऊन घरी आलो तेव्हा बॅगेत साठ बाटल्या होत्या. चार महिन्यांची सुट्टी, रोज अर्धी, असा हिशेब. मोज्यांत गुंडाळून पडवीतल्या भाताच्या कणगीत ठेवल्या. एकविसाव्या दिवशी हात घातला तर नुसतं भात लागलं.

गणपती आला होता. माटवी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची रानफळापानांची आरास, बांधायला मी स्टुलावर उभा, हातात कवंडाळांची जुडी, आणि सुतळीची गाठ काही केल्या बसेना. बोटं थरथरत होती. आरतीला उभा राहिलो तर एकामागून एक जांभया, डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. आई म्हणाली, “काय रे झिला, थंडी भरली काय तुका? तुझा नाक कित्या गळता?” आणि गवती चहा, आलं, मिरी घालून काढा करून आणला. तिच्यासमोर तो प्यायलो. रात्री गोधडीखाली पाय आपोआप झटके देत होते. घोट्यापासून मांडीपर्यंत, हाडाच्या आतून कोणीतरी ओढल्यासारखे. उठून अंगणात फेऱ्या मारायचो, पुन्हा आडवा व्हायचो, पुन्हा उठायचो. तीन रात्री.

आणि त्या तीन रात्री मी स्वतःला काय सांगत होतो माहीत आहे? तुमचंच वाक्य. पाला तो, त्याला कसला डॉक्टर. डॉक्टर दारुड्यांसाठी, गर्दुल्ल्यांसाठी. आपल्याकडे तर मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की माणसं एकच म्हणतात, “रत्नागिरीक धाडूक व्हयो.” १८८६ पासून ते मनोरुग्णालय उभं आहे, आजही तिथे माणसं बरी होऊन घरी जातात, आणि आपण त्या गावाच्या नावाची शिवी करून ठेवली. मलाही तीच भीती होती. घरात गणपती असताना, पाहुण्यांनी घर भरलेलं असताना, मी हे कुणाला सांगू?

म्हणून लेखात मी ‘किती वाईट झालं की जायचं’ असं काही लिहिलं नाही. वाईट किती याला तळ नसतो, माणूस आणखी खाली बघत राहतो. मी लिहिलं होतं की स्वतः केलेला नियम किती वेळा मोडला ते मोजा, आणि घेतलं नाही तर अंग काय करतं ते बघा. एवढ्यात उत्तर मिळतं. आणि जावं की न जावं हा प्रश्न डोक्यात दोन आठवडे घोळत असेल, तर नुसतं विचारायला म्हणून जा. विचारायला गेलं म्हणून कोणी दाखल करून घेत नाही.

मी गौरी-गणपतीच्या विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी गेलो. पहिल्या डॉक्टरांना क्रेटम हे नाव माहीत नव्हतं, त्यांनी सर्दीच्या गोळ्या लिहून दिल्या. परत आलो तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, सुटलो. दुसऱ्या दिवशी बायकोने गाडी काढली. दुसऱ्या डॉक्टरांनाही फार माहिती नव्हती, पण त्यांनी माझ्या मोबाइलवरचा बाटलीचा फोटो मोठा करून लेबल अक्षर न् अक्षर वाचलं. मग यकृताची तपासणी केली. क्रेटमने काहींना कावीळ होते, डोळे पिवळे, लघवी काळपट, अंगाला खाज. माझं निभावलं होतं. पाय शांत व्हावेत म्हणून एक गोळी दिली, जी एरवी रक्तदाबासाठी वापरतात. काही रुग्णांना ब्युप्रेनॉर्फिन हे अफूसारख्या नशेची सवय सोडवायचं औषध देतात, मला लागलं नाही. यातलं काहीही दुकानातून स्वतःच्या मनाने आणून घ्यायचं नाही. क्रेटमवर दारू किंवा झोपेची गोळी तर नाहीच नाही, श्वास मंदावतो. आणि कुणाला फिट (आकडी) आली किंवा डोळे पिवळे दिसले, तर जावं की न जावं हा विचार करत बसू नये.

तुमचे बाकीचे मुद्दे. तुम्ही घरी कमी करत सोडलंत, चांगलं झालं, काहींना जमतं. मला जमलं नाही, आणि माझ्यासारख्यांसाठी मी लिहिलं. त्यात तुमचा अपमान कुठे झाला ते मला कळलेलं नाही.

नोकरीचं म्हणाल, तर तो विषय मोठा आहे, दोन ओळींत होणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे, एवढं आत्ता सांगतो. सीडीसीचं (बोटीवरच्या माणसाचं सरकारी नोंदपुस्तक), मेडिकलचं पुढे कधीतरी लिहीन. माझ्या लेखाचा तो विषय नव्हता आणि प्रत्येक लेखात प्रत्येक गोष्ट यायला हवी असा आग्रह धरू नका.

कोकणात कोणी घेत नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता? तुम्ही घेत होतात. मी घेत होतो. विजयदुर्गपासून वेंगुर्ल्यापर्यंत कितीतरी घरांतली माणसं बोटीवर आहेत. लेख आल्यापासून मला सहा जणांचे निरोप आले. सहाही जणांनी पहिलं वाक्य हेच लिहिलंय की कुणाला सांगू नका. त्यांना मी दोन नंबर दिले, इथेही देतो: नशामुक्तीसाठी १४४४६ आणि टेलि-मानस १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत. टेलि-मानसवर मराठीत बोलता येतं.

आणि एक गोष्ट. तुमच्या प्रतिक्रियेत मधेच एक वाक्य आहे, तुम्ही ते अभिमानाने लिहिलंय: “एक बाटली अजून कपाटात आहे, दोन महिन्यांत हात लावलेला नाही.” ते मी चारपाच वेळा वाचलं. दर्यावर्दी, कणगी रिकामी झाली असं मला वाटलं होतं तेव्हा तळाशी एक बाटली भातात रुतून राहिली होती. पुढे डिसेंबरात आई कणगी साफ करताना ती तिच्या हाताला लागली. तिने मला विचारलं, “ह्या काय रे?” मी ती घेऊन परसात गेलो, आणि केळीच्या मुळात ओतेपर्यंत मधली जी दहा मिनिटं गेली त्यांबद्दल मी लेखात लिहिलेलं नाही, इथेही लिहिणार नाही. तेव्हा मला सोडून तीन महिने झाले होते.

तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, ‘पापी’ सकट राहू दे. मला वाईट वाटलं ते वाटलं. पण त्या कपाटातल्या बाटलीचं काय केलंत आणि रात्री पाय स्वस्थ असतात का, एवढं मला कळवा. इथे नको असेल तर ईमेलवर लिहा. तुमचं खरं नाव मी विचारणार नाही.