कौतुकाला काय जातंय!

आज डोकं फिरलंय, त्यामुळे लांबण लागणार. वाचायचं तर वाचा.

दुपारी नात्यातल्या एका सत्यनारायणाला काकांना घेऊन गेलो होतो. काकांचा उजवा हात तरुणपणी कारखान्यात पॉवर प्रेसखाली सापडला, तेव्हापासून नुसता लोंबतो. ते तो पँटच्या खिशात खुपसून ठेवतात. यजमानांनी आधी चारचौघांत त्यांच्या जिद्दीचं तोंड भरून कौतुक केलं. मग प्रसाद वाटताना तेच गृहस्थ म्हणतात, "काका, डावा नको हो, उजवा पुढे करा." काका हसले. म्हणाले, "राहू द्या, शुगर आहे."

काकांना शुगरबिगर काही नाही.

तेव्हापासून डोक्यात बॉब डोल घोळतोय. हो, तोच, १९९६ ला अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत क्लिंटनकडून हरलेला रिपब्लिकन पक्षाचा नेता. त्याच्या राजकारणाशी माझं काडीचं जमत नाही, तुमचंही जमणार नाही. शेवटी २०१६ मध्ये ट्रम्पला पाठिंबा देऊन बसलेला माणूस. पण हाताचा विषय निघाला की मला तो आठवतोच.

एप्रिल १९४५, इटलीतले डोंगर, युद्ध संपत आलेलं. त्यात याचा उजवा खांदा फुटला आणि हात कायमचा निकामी झाला. डाव्या हाताच्या बोटांनाही पुरती जाणीव उरली नाही. कॅन्सासमधल्या रसेल या त्याच्या गावी औषधाच्या दुकानात सिगारचा रिकामा खोका ठेवून लोकांनी ऑपरेशनसाठी १,८०० डॉलर जमवले. शिकागोच्या डॉ. केलिकियननी स्वतःची फी घेतली नाही. पुढे आयुष्यभर हा माणूस उजव्या मुठीत पेन धरून हिंडला. कशाला, तर समोरच्यानं सवयीनं तो हात हातात घेऊ नये. काकांचा खिसा तरी दुसरं काय आहे? समोरचा अवघडू नये म्हणून यांनीच कायम जपायचं.

१९६९ मध्ये सिनेटमधलं (अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहातलं) पहिलं भाषण त्यानं अपंगांच्या प्रश्नावर केलं, तेही १४ एप्रिलला, म्हणजे जखमी झाला त्याच तारखेला. १९९० च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यासाठीही झटला. आणि त्या कायद्यावर सही रिपब्लिकन अध्यक्ष बुशचीच होती, हेही मान्य.

आता डिसेंबर २०१२ बघा. अपंगांच्या हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार सिनेटपुढे मताला आला होता. ८९ वर्षांचा डोल व्हीलचेअरवर बसून सभागृहात आला, बायको एलिझाबेथ सोबत. जुने सहकारी एकेक करून भेटून गेले. मग मतदान झालं. बाजूनं ६१, विरोधात ३८. करार मंजूर व्हायला दोन-तृतीयांश, म्हणजे ६६ हवी होती. विरोधातली सगळीच्या सगळी मतं त्याच्याच पक्षाची, आणि त्यात त्याच्या स्वतःच्या कॅन्सासचे दोन्ही सिनेटर! रिपब्लिकनांतल्या आठ जणांनी बाजूनं मत दिलं, त्यांना यातून वगळतो.

देशाच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न होता म्हणे. मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांचाही जोरदार विरोध होता. असेल. पण मग त्याच्या खुर्चीपाशी जाऊन गोड गोड कशाला बोलायचं? भेटायचं, विचारपूस करायची आणि चार पावलांवर जाऊन 'नाही' म्हणायचं. "काका काय जिद्दीचे!" आणि लगेच "डावा नको हो." जात एकच.

येताना रिक्षात काकांना विचारलं, राग नाही आला? म्हणाले, "अरे, त्या पोराला सुचलं नसेल." त्या 'पोराचं' वय पंचेचाळीस! काकांसारखं मला होता येणार नाही. डोलही त्या ३८ जणांवर किती चिडला असेल कोण जाणे. मी मात्र चिडणार.

अमेरिकेनं तो करार अजून मंजूर केलेला नाही. आपण २००७ मध्येच केला, पण लगेच कॉलर ताठ करू नका. काकांच्या दाखल्यासाठी गेलो होतो तेव्हा अपंगांचं टेबल दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्टला कुलूप. एक बाई कुबड्या नवऱ्याच्या हातात देऊन, बसून बसून एकेक पायरी चढत होत्या. जिन्याच्या भिंतीवर हे भलंमोठं पोस्टर, 'दिव्यांगांच्या जिद्दीला सलाम'. लिफ्टची किल्ली कुणाकडे असते, ते मात्र शेवटपर्यंत एकालाही सांगता आलं नाही.